फ्लेअरचे आउटपुट पहिल्यांदा क्लाउडवर चढवताना

मॅडकॅप फ्लेअर या मदतपुस्तिका लिहिण्याच्या सॉफ्टवेअरमधून निघालेली एचटीएमएल ५ (वेबपानांच्या स्वरूपातील) मदतपुस्तिका ॲमेझॉन एस ३ या क्लाउडवर फाइली साठवण्याच्या सेवेत ठेवण्याचा तुमचा विचार योग्य आहे. मात्र आरंभीच स्वयंचलित बिल्डच्या, म्हणजे आउटपुट आपोआप तयार करून चढवण्याच्या व्यवस्थेच्या, मागे लागू नका. चार-पाच पानांचा छोटा प्रकल्प घ्या आणि फक्त त्याचा आउटपुट फोल्डर हाताने चढवून पाहा.

सर्वांत जास्त वेळ खाणारी चूक फाइलींच्या नावांत असते. इंग्रजी लहान-मोठ्या अक्षरांत विंडोज सहसा भेद करत नाही, एस ३ मात्र करते. त्यामुळे तुमच्या संगणकावर बिनचूक उघडणारी लिंक किंवा चित्र क्लाउडवर सापडत नाही, आणि अपलोडच फसले असे समजून नवखा माणूस तीच फाइल पुन्हापुन्हा चढवत बसतो. माझे पहिल्या प्रकल्पात दोन दिवस असेच गेले. म्हणून सर्व नावे पहिल्यापासून लहान अक्षरांत, मोकळी जागा न सोडता ठेवा.

आणखी तीन गोष्टी सांभाळा:

१. प्रकल्पातून काढलेले पान क्लाउडवर तसेच राहते. पुढे फोल्डरमधील बदल एस ३ वर नेणारी सिंक आज्ञा वापराल, तेव्हा तिला डिलीट हा पर्याय जोडा. पण त्याआधी ड्रायरन, म्हणजे प्रत्यक्ष बदल न करणारी चाचणी, चालवून काय पुसले जाणार आहे ते नीट वाचा.

२. नव्या बकेटवर (एस ३ मधील फाइली ठेवण्याच्या कप्प्यावर) सार्वजनिक प्रवेश मुळातच बंद असतो. घाईने तो उघडू नका. क्लाउडफ्रंट या ॲमेझॉनच्या, पानांच्या प्रती साठवून वाचकांपर्यंत पोहोचवणाऱ्या सेवेमार्फत पाने दाखवा.

३. क्लाउडफ्रंट मूळ मांडणीत २४ तासांपर्यंत जुनी प्रत दाखवू शकते, म्हणून प्रकाशनानंतर इनव्हॅलिडेशन करा, म्हणजे साठवलेली जुनी प्रत रद्द करा.

पहिले पान दिसू लागले की पुढचा प्रश्न नि:संकोच विचारा.