मुलगी 14 वर्षांची आहे, तिला गायनॅककडे कधी न्यावं?

ताई, तुम्ही लिहिलंय की पाळी सुरू होऊन दीड वर्ष झालं, अजून नियमित नाही, आणि सासूबाई म्हणतात, "लग्नाआधी कशाला तिथे?" मी ठाण्यात नौपाड्यात राहते, माझी लेक आता 17 ची आहे. मला विचाराल तर 13 ते 15 या वयात एकदा न्याच, तक्रार असो वा नसो. पहिल्या भेटीत बहुतेकदा नुसतं बोलणं होतं, आतून तपासत नाहीत. सोनोग्राफी लागलीच तर पोटावरून करतात, भरपूर पाणी पाजून.

मी मात्र उशीर केला. तिला दहा-दहा दिवस अंगावरून जायचं आणि मी म्हणायचे, सुरुवातीला असंच असतं. थोडं खरंही आहे ते. पहिली दोन-तीन वर्षं दर महिन्याला बीज तयार होतंच असं नाही, म्हणून तारखा पुढेमागे होतात. पण एक दिवस ती शाळेच्या जिन्यात चक्कर येऊन पडली. हिमोग्लोबिन निघालं 7.8. डॉक्टरांनी पाच मिनिटं मला बाहेर बसवलं, तेव्हा राग आला होता. रात्री लेकीनेच सांगितलं: शाळेच्या बाथरूमला कडी नव्हती, म्हणून ती सकाळीच दोन पॅड एकावर एक लावून जायची आणि दुपारपर्यंत पाणी प्यायची नाही. हे तिने मला कधी सांगितलं नव्हतं, डॉक्टरांना सांगितलं. लोहाच्या गोळ्या आणि काही महिने हार्मोनच्या गोळ्या घेऊन ती सावरली.

म्हणून सात दिवसांपेक्षा जास्त रक्तस्राव, तासा-दोन तासांत पॅड भिजणं, शाळा बुडेल इतकं दुखणं, किंवा तीन महिने पाळीच न येणं, यातलं काहीही असेल तर याच आठवड्यात जा. मैत्रिणींना मुली असतील तर त्यांनाही सांगा, पंधरा पूर्ण होऊनही पाळी आली नसेल तर दाखवायलाच हवं.

आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरच्या लसीचं त्याच भेटीत विचारा. पंधरावा वाढदिवस व्हायच्या आत सुरू केली तर सहा महिन्यांच्या अंतराने दोनच डोस पुरतात, नंतर तीन लागतात. पुण्याच्या सीरमची लस 2023 पासून मिळते.

बाहेर गरोदर बायकांच्या रांगेत मुली अवघडतात. सकाळची पहिली वेळ मागून घ्या, आणि गेल्या तीन पाळ्यांच्या तारखा तिलाच लिहायला सांगा.