टेलिफोन बूथांचे शिल्प आणि खारा वारा

प्रश्न : मिरामार समुद्रकिनाऱ्याजवळच्या आमच्या चौकात दूरसंचारावर आधारित शिल्प करवून घेण्याचे घाटत आहे. अशी कामे अन्यत्र झाली आहेत का, आणि येथील हवेत ती टिकतील का?
– एक वाचक, पणजी

उत्तर : लंडनच्या किंग्स्टन भागात शिल्पकार डेव्हिड मॅक यांनी १९८९ मध्ये वापरातून गेलेले १२ लाल टेलिफोन बूथ एकमेकांवर रेलून कोसळत असल्यासारखे मांडले, गंभीर विषयाला असा खट्याळपणा मानवतो. मिरामारला मात्र साधे लोखंड नको, कारण रंगाला बारीक चीर पडली तरी क्षार आत शिरतात आणि गंजाचे पापुद्रे सुटू लागतात. मॉलिब्डेनम धातू मिसळल्याने खाऱ्या हवेत कमी गंजणारे ३१६ प्रतीचे स्टेनलेस स्टील महाग पडले तरी तेच घ्यावे. देखभालीचा खर्च करारातच लिहून घ्यावा (उद्घाटनाला पैसा कधीच कमी पडत नाही) आणि सांध्यांत पावसाचे पाणी साचू नये म्हणून निचऱ्याची भोके ठेवून घ्यावीत.