हात थरथरणाऱ्या आईला घरातल्या रद्दीतून काय करायला देता येईल?

तुमच्या प्रश्नातून मला एवढं समजलं: आईंचं वय ७८, बोटांचे सांधे दुखतात, उजवा हात थोडा थरथरतो. घरात रद्दी आणि खोक्यांचा ढीग साचलाय, म्हणून तुम्ही त्यांना कागदी फुलपाखरं करायला दिलीत आणि दोन दिवसांत त्यांनी तो डबा बाजूला सारला.

मी असते तर पहिल्याच दिवशी सारला असता! जिने सगळा जन्म घर चालवलं तिच्यापुढे बोथट टोकाची कात्री आणि चिकटवायचे डोळे ठेवले, की आपल्याला कुठल्या वर्गात बसवलंय हे तिला बरोबर कळतं. माझ्या वडिलांच्या बाबतीत मी हीच चूक केली होती. पुढे एका वृद्धाश्रमात दर आठवड्याला एक दुपार जाऊन बसू लागले, तेव्हा लक्षात आलं की घरात जिचा उपयोग होईल अशी वस्तू असली तरच माणसं दुसऱ्या दिवशी पुन्हा हात लावतात. चष्मा ठेवायला टोपली, औषधांच्या पाकिटांसाठी खणांचा खोका, फोनच्या वायरी कोंबायला डबा. शोभेच्या वस्तूंचं नंतर बघता येतं.

मी सुरुवात नेहमी वर्तमानपत्राच्या सुरळ्यांपासून करते, म्हणजे कागद गुंडाळून केलेल्या बारीक नळ्या, ज्या पुढे विणून टोपली होते. त्यात एकच हालचाल पुन्हापुन्हा करायची असते, आणि चुकलेली सुरळी विणीत कुठे गेली ते कुणाला दिसत नाही.

आधी कागदाची दिशा पाहा. वर्तमानपत्राचा एक तुकडा उभा फाडा, एक आडवा. एका दिशेने तो पट्टीने आखल्यासारखा सरळ फाटेल, दुसरीकडे वेडावाकडा जाईल. कागद यंत्रावर तयार होताना त्यातले तंतू बहुतेक एकाच दिशेला लागतात, म्हणून असं होतं. सरळ फाटणाऱ्या दिशेने ९-१० सेंटिमीटर रुंदीच्या लांब पट्ट्या करा. इथे कात्रीची गरजच पडत नाही. घडी घालायची, नखाऐवजी चमच्याच्या पाठीने दाबायची, आणि टेबलाच्या कडेवर धरून फाडायची. थरथरणाऱ्या हाताला हे कात्रीपेक्षा कितीतरी सोपं जातं. आईंना कापायचंच असेल, तर दाब सोडला की आपोआप उघडणारी स्प्रिंगची कात्री मिळते ती घ्या. तिच्यात अंगठा अडकवावा लागत नाही.

मग विणकामाची बारीक सुई, साधारण ३ मिलिमीटरची. पट्टीच्या एका कोपऱ्यावर ती तिरकी ठेवायची, लांब कडेशी अगदी थोडा कोन करून. कोपरा सुईवर दुमडायचा आणि तळहाताने पुढे लोटत न्यायचा. चिमटीत धरून वळू देऊ नका. अंगठ्याच्या मुळाशी जे दुखतं ते चिमटीनेच वाढतं. तळहाताखाली ओलसर फडकं पसरलं तर कागद सरकत नाही. शेवटच्या कोपऱ्याला खळीचा ठिपका, दोन सेकंद दाब, सुई ओढून बाहेर. सुरळीचं एक टोक जरा निमुळतं होतं, दुसरं रुंद राहतं. तसंच हवं असतं, कारण निमुळतं टोक दुसरीच्या रुंद तोंडात खळ लावून सरकवलं की हवी तेवढी लांबी मिळते.

छोट्या टोपलीला माझ्याकडे ५०-६० सुरळ्या लागतात. घाबरू नका, त्या एका बैठकीत करायच्याच नसतात. रोज ८-१० पुरेत, उभ्या बरणीत साठवत जा. बरणी भरत चाललेली दिसते, याचं वृद्धाश्रमातल्या एका आजोबांना इतकं अप्रूप होतं की मी गेले की ते आधी मोजदाद सांगत.

विणायला पुठ्ठ्याचे दोन सारखे तुकडे घ्या. त्यांच्यामध्ये कडेकडेने उभ्या सुरळ्यांची टोकं चिकटवा, वर वजन ठेवून रात्रभर वाळू द्या आणि मग बाहेर आलेल्या सुरळ्या वर वळवून उभ्या करा. उभ्या सुरळ्यांची संख्या विषम ठेवा, १३ किंवा १५. एकाच सुरळीने ‘एकीच्या पुढून, एकीच्या मागून’ असं गोल विणत गेलं, की संख्या विषम असल्याने दुसऱ्या फेरीत आपोआप अदलाबदल होते. सम ठेवलीत तर प्रत्येक फेरी पहिलीवरच येते आणि विणच बसत नाही. मध्ये एखादा डबा साचा म्हणून उभा केला तर भिंती आत झुकत नाहीत. सुरळ्या कडक होऊन मोडायला लागल्या तर पाण्याचा हलका फवारा मारा. शेवटी खळीत तेवढंच पाणी घालून ब्रशने सगळीकडून हात द्यायचा. ब्रशचा दांडा बारीक असेल तर त्यावर कागदाचाच जाड थर गुंडाळून घ्या, पकड सुटत नाही.

अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे भिजवून लगदा करणं बऱ्याच जणांना आवडतं, कुस्करताना दुखऱ्या बोटांना कोमट पाणी बरं वाटतं. पण थर पातळ ठेवा. मी एकदा हौसेने बोटभर जाडीचा वाडगा केला. वरून खणखणीत वाळला, आतून ओला राहिला, आणि आठवड्याने त्याला बुरशी आली. दमा असलेल्या माणसाच्या खोलीत असली वस्तू नकोच.

रद्दीतून दुकानाच्या पावत्या मात्र वेगळ्या काढा. उष्णतेने अक्षरं उमटणारा तो गुळगुळीत कागद असतो आणि त्याच्या लेपात बऱ्याचदा बिसफेनॉल जातीची, शरीराला अपायकारक समजली जाणारी रसायनं असतात. ओल्या हातांनी तासभर हाताळायची ती वस्तू नव्हे. गुळगुळीत मासिकांच्या कडांनीही सावध राहा. या वयात कातडी पातळ झालेली असते, आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर एवढासा काप बराच वेळ वाहतो. आईंना विसराळूपणाचा त्रास असेल तर खळीची वाटी समोर ठेवून उठून जाऊ नका, ती खाण्याची वस्तू वाटू शकते. डोळ्यांसाठी एकच सांगते: पांढरा कागद पांढऱ्या टेबलावर ठेवू नका, खाली गडद ट्रे घ्या.

‘आता या वयात काय नवीन शिकायचं’ हे वाक्य तुम्हाला ऐकावं लागेलच. तेव्हा मी मेरी डिलेनींची गोष्ट सांगते. या इंग्लिश बाई १७०० साली जन्मल्या. वयाच्या सत्तरीनंतर, १७७२च्या सुमारास, जिरेनियमच्या पाकळीचा आणि लाल कागदाच्या तुकड्याचा रंग एकसारखा आहे हे त्यांच्या नजरेत भरलं, आणि त्यांनी कागद कापून हुबेहूब फुलं करायला घेतली. काळ्या पार्श्वभूमीवर एकेका फुलाला कितीतरी बारीक तुकडे. दृष्टीने साथ सोडेपर्यंत, दहा वर्षांत, जवळजवळ हजार चित्रं झाली. ती आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. (हो, मघाशी मी शोभेच्या वस्तूंना नाक मुरडलं होतं. पण ती फुलं बाईंनी स्वतः ठरवून केली होती, कुणी डब्यात घालून दिली नव्हती.)

तर आईंना काय करायचं ते त्यांनाच विचारा. ‘वेळ जायला काहीतरी कर’ असं म्हणू नका, ‘मला वायरींसाठी टोपली हवीय’ असं म्हणा. पहिल्या दिवशी तुम्हीही शेजारी बसून सुरळ्या वळा. तुमच्या त्यांच्याहून वाईट होतील, ते चांगलंच आहे.

एक अडचण मात्र येणारच, रद्दी वाचली जाते. माझे वडील पट्टी फाडायच्या आधी तिच्यावरची बातमी पुरी करत, मला मोठ्याने ऐकवत, वर त्या वेळच्या पुढाऱ्यांवर टिप्पणीही करत. एकदा तासाभरात त्यांची एकच सुरळी झाली. मी काही बोलणार तोच त्यांनी मान वर न करता विचारलं, "चार अक्षरी नदी सांग, दुसरं अक्षर ‘र’." मीही सुई खाली ठेवली.