‘निथान’ आणि गाईचे दावे

लाओस देशातील लाओ लोक गोष्टीला ‘निथान’ म्हणतात. हा आपल्या ‘निदान’ शब्दाचा अपभ्रंश समजावा काय आणि मराठीत त्याला ‘दंतकथा’ म्हणावे काय, असे एका वाचकाने विचारले आहे.

शब्द तोच आहे. मात्र परका उच्चार कानी पडला की त्याला ‘अपभ्रंश’ ठरवून मोकळे होण्याची सवय आता सोडली पाहिजे. पाली-संस्कृतातील द, ब, ग हे वर्ण लाओ उच्चारात नियमाने थ, फ, ख होतात. म्हणून ‘बुद्ध’ तेथे ‘फुत’ होतो आणि ‘देवता’ ‘थेवदा’ होते. जेथे नियम आहे, तेथे भ्रंश नाही.

वैद्यांचे निदान सर्वांना ठाऊक आहे, ते बाजूला ठेवू. खरी मौज धातूत आहे. ‘नि’ आणि ‘दा’, म्हणजे बांधणे. ऋग्वेदात (६.३२.२) इंद्र गाईंचे ‘निदान’ सोडतो, म्हणजे त्यांना बांधलेले दावे, दोर, सोडतो, आणि आपले ‘दावे’ही ‘दामन्’मधून, त्याच धातूवरून आले आहे. दाव्याच्या मुळाशी खुंटा असतो, म्हणून निदान म्हणजे मूळ कारण. पालीत जातककथांच्या, म्हणजे बुद्धाच्या पूर्वजन्मांच्या गोष्टींच्या, प्रास्ताविकाला ‘निदानकथा’ म्हणतात, आणि उगमाच्या हकिकतीचे हे नाव पुढे लाओमध्ये कोणत्याही गोष्टीला मिळाले. मराठीने दाव्याचे दुसरे टोक धरले, म्हणून आपले ‘निदान’ म्हणजे अखेर, आणि त्यातूनच ‘निदान एवढे तरी’. हे माझे मत आहे. ‘कारण’ आणि ‘अखेर’ हे दोन वेगळे शब्द मानणाऱ्यांनी दावे कधी हातात धरले नसावे, असे मला वाटते, कारण दोन टोके असल्याखेरीज दावे होतच नाही.

लाओ पोथीनेही बांधण्याची हीच कल्पना जपली आहे. ताडपत्रावर लोखंडी लेखणीने अक्षरे कोरतात, वर काजळी चोळून पुसून घेतात, म्हणजे काळेपणा फक्त चिरांत उरतो. मग पानांच्या छिद्रांतून दोरा ओवून त्यांचा गठ्ठा बांधतात. या गठ्ठ्याला ‘फूक’ म्हणतात, आणि ‘फूक’ या लाओ शब्दाचा साधा अर्थ ‘बांधणे’ असाच आहे. आपला ‘ग्रंथ’ही ‘ग्रथ्’पासून, म्हणजे गुंफण्यापासून, गाठीपासून आला आहे. वेस्संतर जातकाची तेरा प्रकरणे ‘बुन फावेत’ या सणात भिक्खू एका दिवसात वाचून दाखवतात, तीही अशाच फूकांमधून.

राहता राहिली ‘दंतकथा’. तो शब्द येथे नको. पांगखाम या कवीच्या नावावर असलेल्या ‘सांग सिनसाय’ या महाकाव्याचा नायक बोधिसत्त्व, म्हणजे पूर्वजन्मीचा बुद्ध, मानला जातो. त्याच्या कथेला दंतकथा म्हटले की खुंटा उपटला जातो आणि नुसते दावे हाती राहते. ‘निथान’ हाच शब्द ठेवावा, नाहीतर सरळ ‘कथा’ म्हणावे.