नस्ती परत का येते?

(वाचकांचे प्रश्न आणि एका निवृत्त लेखाधिकारी बाईंची उत्तरं. या अंकाचा विषय : कार्यालयीन खरेदी आणि तिच्या मंजुऱ्या. नस्ती म्हणजे कार्यालयातली फाइल, टिपणी म्हणजे तीत मंजुरीसाठी लिहिलेला प्रस्ताव.)

प्रश्न : मॅडम, नमस्कार. मी मराठवाड्यातल्या एका शासकीय आयटीआयमध्ये भांडारपाल आहे. वेल्डिंगच्या ट्रेडसाठी सहा मशीन घ्यायची आहेत, अंदाजे किंमत ४ लाख २० हजार. जुलैमध्ये टिपणी टाकली. लेखा शाखेकडून ती तीनदा परत आली. आधी विचारलं, अंदाजित किमतीला आधार काय. मग विचारलं, तांत्रिक तपशील कोणी ठरवला. तिसऱ्यांदा विचारलं, तरतूद कोणत्या लेखाशीर्षाखाली, म्हणजे अंदाजपत्रकातल्या खर्चाच्या कोणत्या खात्यात. आता दिवाळी झाली. प्राचार्य म्हणतात, तुमचा पाठपुरावा कमी पडतो. मी तर रोज वर जाऊन उभा राहतो. टिपणीची झेरॉक्स सोबत जोडली आहे. नाव छापू नये.

उत्तर : रोज वर जाऊन उभं राहणं आधी बंद करा. त्याने नस्ती हलत नाही, फक्त तिथले लोक तुम्हाला टाळायला शिकतात.

झेरॉक्स पाठवलीत हे बरं केलंत. दीड पानाची टिपणी आहे. तीत ग्रामीण युवकांचं भवितव्य आहे, उद्योगांची गरज आहे, कौशल्य विकासाचं महत्त्व आहे, आणि शेवटी ‘तरी उपरोक्त प्रस्तावास मान्यता असावी, ही विनंती’. कशाला मान्यता? मशीन लागतात याला? ४ लाख २० हजार खर्चाला? जेमवरून, म्हणजे सरकारी खरेदीच्या ऑनलाइन पोर्टलवरून घ्यायला की दरपत्रकं मागवायला? तुम्ही एकाच सहीत सगळं मागितलंय, त्यामुळे नेमकं काय मागितलंय ते कुणालाच कळलेलं नाही. लेखाधिकारी सही करण्यापूर्वी एवढंच बघतो की उद्या ऑडिटने विचारलं तर आपल्याला कशाचं उत्तर द्यावं लागेल. ते टिपणीत दिसलं नाही की तो शेरा मारून नस्ती खाली पाठवतो. मीही हेच केलं आहे, आणि पुन्हा त्या खुर्चीत बसवलं तर पुन्हा करीन.

तुम्हाला आलेले तिन्ही आक्षेप रास्त आहेत. राग यायला हवा तो ते तीन हप्त्यांत आले याचा. त्यावर उपाय पुढे सांगते.

आधी किंमत. तुमचा आधार म्हणजे एकाच दुकानदाराचं लेटरहेडवरचं पत्र. तो अंदाज नाही, ती त्याची अपेक्षा आहे. जवळच्या एखाद्या आयटीआयने अलीकडे अशीच मशीन घेतली असतील तर त्यांच्या पुरवठा आदेशाची प्रत मागवा, जेमवरच्या दरांची छापील प्रत काढा, आणि दोन्ही नस्तीच्या पत्रव्यवहार विभागात (पवि) लावून टिपणीत ‘पृ. १४/पवि पाहावे’ असं लिहा. वरच्या माणसाला शोधायला लावलंत की तो शोधत नाही, परत पाठवतो.

मग तांत्रिक तपशील. ‘४०० अँपिअर, ६० टक्के ड्युटी सायकल’ इथपर्यंत ठीक होतं. पण पुढे एका कंपनीचा मॉडेल क्रमांक आणि त्याखाली ‘रंग निळा’! माहितीपत्रक जसंच्या तसं उतरवलंय. मला वाचून हसू आलं, लेखाधिकाऱ्याला आलं नसणार. असा तपशील म्हणजे पुरवठादार आधीच ठरवल्याचा कागदोपत्री पुरावा. ब्रँड आणि मॉडेल काढा. क्षमता, विद्युतपुरवठा, सोबतचं साहित्य, वॉरंटी आणि बसवून देण्याची जबाबदारी लिहा. त्याखाली ट्रेड शिकवणारे शिल्पनिदेशक आणि त्यांच्यावरचे गटनिदेशक यांच्या सह्या घ्या. तपशिलाची जबाबदारी त्यांची आहे. भांडारपालाने ती अंगावर का घ्यायची?

तरतुदीबाबत तर वादच नको. लेखाशीर्ष, चालू वर्षाचं अनुदान, आजवरचा खर्च आणि शिल्लक या चार गोष्टी बीम्सवरून (राज्याची अनुदान वाटपाची संगणक प्रणाली) काढून एका परिच्छेदात टाका. त्याच्याच खाली मंजुरीचे अधिकार कोणाला आहेत ते लिहा. वित्तीय अधिकार नियमपुस्तिका १९७८ आणि वित्त विभागाचा १७ एप्रिल २०१५ चा शासन निर्णय उघडा, आपल्या खर्चाची नोंद शोधा आणि तिचा अनुक्रमांक टिपणीत द्या. हे बहुतेक कारकून करत नाहीत. ‘सक्षम प्राधिकाऱ्याची मान्यता घ्यावी’ असं मोघम लिहून मोकळे होतात आणि मग तो सक्षम प्राधिकारी कोण यावरच नस्ती महिनाभर फिरते. खरेदीच्या पद्धतीसाठी उद्योग विभागाची १ डिसेंबर २०१६ ची नियमपुस्तिका आणि तिच्यातल्या नंतरच्या सुधारणा बघा. जेम राज्याने २०१७ मध्येच स्वीकारलं आहे. हवी ती वस्तू तिथे नसेल तर नुसतं ‘उपलब्ध नाही’ लिहू नका, कोणत्या तारखेला पडताळलं ते लिहून प्रत जोडा.

आता शेवटचा परिच्छेद असा लिहून बघा : ‘सबब, (अ) सहा मशीनच्या आवश्यकतेस व रु. ४,२०,००० इतक्या अंदाजित खर्चास प्रशासकीय मान्यता, (ब) पृ. १९/पवि वरील तांत्रिक तपशिलास मान्यता, (क) परिच्छेद ६ मध्ये नमूद पद्धतीने खरेदी प्रक्रिया सुरू करण्यास मान्यता मिळावी.’ पुरवठादाराचं नाव आणि अंतिम दर यांची मान्यता नंतर, तुलनात्मक तक्त्यासह खरेदी समितीकडून. प्रशासकीय मान्यता मिळाली म्हणजे ऑर्डर काढायची परवानगी मिळाली, असा समज करून घेतलेले कितीतरी प्राचार्य मी पाहिलेत.

हप्त्याहप्त्याने येणाऱ्या आक्षेपांवर उपाय असा. फेरसादर करताना आधीच्या प्रत्येक शेऱ्यासमोर पूर्तता आणि पृष्ठक्रमांक लिहा आणि शेवटी नम्रपणे एक ओळ टाका : ‘अन्य आक्षेप असल्यास एकत्रित नोंदवावेत.’ ही ओळ नस्तीत राहते. चौथ्यांदा नवीन मुद्दा काढणाऱ्याला ती टोचते. आणि जुन्या शेऱ्याचं पान ‘साहेबांना वाईट दिसेल’ म्हणून काढून नवी टिपणी लावा असं कुणी सुचवलं, तर स्वच्छ नाही म्हणा. पृष्ठक्रमांक तुटलेली नस्ती ऑडिटवाल्यांना लगेच सापडते. ई-ऑफिसमध्ये, म्हणजे संगणकावरच्या नस्तीत, हिरवी (अंतिम) टिपणी होऊन नस्ती पुढे गेली की ती काढताच येत नाही, ही त्या प्रणालीची मला सगळ्यात आवडलेली गोष्ट.

एक कायदाही माहीत असू द्या. बदल्यांचं विनियमन आणि विलंबास प्रतिबंध करणारा २००५ चा अधिनियम. लोकांना त्यातल्या बदल्याच तेवढ्या आठवतात. पण त्याच कायद्यात आहे की सर्वसाधारणपणे कोणतीही नस्ती एका कर्मचाऱ्याकडे सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त राहू नये, आणि निर्णयासाठी सादरीकरणाचे टप्पे तीनपेक्षा जास्त नसावेत. तुमच्या टिपणीवर सह्यांसाठी सहा चौकोन आखलेले दिसतात. त्यातला वरिष्ठ लिपिक आणि कार्यालय अधीक्षक दोघंही ‘सादर’ एवढंच लिहितात. प्राचार्यांना भेटून ते टप्पे कमी करण्याचं कार्यालयीन आदेशातच आणायला सांगा. पाठपुरावा कमी पडतो म्हणणाऱ्यांनी एवढं करायला हरकत नसावी.

प्रश्न : नागपुरातल्या एका केंद्रीय कार्यालयात आहे. प्रिंटर आणि संगणक मिळून खरेदी आमच्या साहेबांच्या अधिकाराबाहेर जाते. ते म्हणतात दोन नस्त्या करा, वरच्या मंजुरीची गरज पडणार नाही. करावं का?

उत्तर : नाही. सामान्य वित्तीय नियम २०१७ मधला नियम १५७ याच कारणासाठी आहे : वरिष्ठांची मंजुरी टाळण्यासाठी मागणीचे तुकडे करू नयेत. तुमच्या साहेबांनी तर हेतूच बोलून दाखवलाय.

मात्र दोन नस्त्या म्हणजे दरवेळी तुकडेच, असंही नाही. गरज खरंच वेगवेगळ्या वेळी निर्माण झाली असेल, एकीचा दुसरीशी संबंध नसेल, तर वेगळी खरेदी चालते. ऑडिट बघतं ते तारखा, मागणीपत्रं आणि पुरवठादार. एकाच आठवड्यात, एकाच शाखेच्या मागणीवर, एकाच दुकानातून दोन ऑर्डरी गेल्या तर कितीही सुंदर टिपणी तुम्हाला वाचवणार नाही. एकत्रित मागणी करून वर पाठवा. आत्ता पाठवलीत तर वेळ आहे. फेब्रुवारीत पाठवाल तर वर्षअखेरच्या खर्चाच्या घाईवर वेगळा शेरा मिळेल, तोही याच नियमावलीतून.

प्रश्न : साहेब रजेवर आहेत. व्हॉट्सअ‍ॅपवर ‘ओके, ऑर्डर टाका’ असा मेसेज आलाय. चालेल का?

उत्तर : मेसेज जपून ठेवा, पण त्यावर ऑर्डर टाकू नका. साहेबांचा कार्यभार रजेच्या काळात कुणाकडे दिलाय ते रजा आदेशात बघा. त्या अधिकाऱ्याला खरेदीचे अधिकार आहेत का तेही बघा, नुसत्या ‘दैनंदिन कामकाजा’साठी कार्यभार असेल तर सहसा नसतात. तोंडी किंवा फोनवरचा आदेश खरंच पाळावा लागला, तर राज्याच्या १९७९ च्या वर्तणूक नियमांतला नियम ३ तुमच्या बाजूने आहे : वरिष्ठाने तो लेखी कायम करायचा असतो. त्याच दिवशी टिपणीत ‘मा. साहेबांशी आज दूरध्वनीवर झालेल्या चर्चेनुसार’ असं तारीख-वेळेसह नोंदवा आणि रुजू झाल्याबरोबर सहीला ठेवा. तोवर पुरवठादाराला ‘माल आणून ठेवा, कागद नंतर करू’ असं फोनवर सांगू नका. तो आणून ठेवतो, आणि मग त्याच्या बिलासाठी तुमच्या टेबलाशी रोज तो उभा राहतो.