वाचक विचारतात : रॅप म्हणताना दम का तुटतो?

प्रश्न : आमचा पोरगा गावातल्या जयंतीच्या स्टेजवर वऱ्हाडीत रॅप म्हणतो. अमेरिकी रॅपर एमिनेमचं ‘रॅप गॉड’ ऐकून तेवढ्याच वेगात म्हणायला जातो, तर दुसऱ्या कडव्यात दम तुटतो आणि समोरच्यांना शब्द कळत नाहीत. त्या माणसाला हे कसं जमतं?
— एक पालक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : आधी हिशेब पाहा. २०१३च्या त्या गाण्यात ६ मिनिटं ४ सेकंदांत १,५६० शब्द आहेत. सर्वांत वेगवान तुकड्यात १५ सेकंदांत ९७. पण इंग्रजीतले बरेच शब्द एका उच्चारात संपतात. आपला ‘सोयाबीनवाल्याईले’ एकटाच सात उच्चार खातो. शब्दाला शब्द लावायला गेलं की जोडाक्षरं गिळली जातात, श्वासाला जागा उरत नाही.

शिवाय वेग ही त्याची फार उशिराची कमाई. एमिनेमचा, म्हणजे मार्शल मॅथर्सचा, जन्म १९७२चा, अमेरिकेतल्या मिसुरीतला. घडला तो डेट्रॉइटमध्ये. १९९६चा त्याचा पहिला अल्बम ‘इन्फिनिट’ चालला नाही. न्यूयॉर्कच्या नास या रॅपरची नक्कल वाटते, असं ऐकणारे म्हणाले. मग त्यानं ‘स्लिम शेडी’ हे स्वतःचं वात्रट सोंग उभं केलं. १९९७ला लॉस एंजेलिसच्या ‘रॅप ऑलिम्पिक्स’मध्ये तो दुसरा आला (आपल्या कलगीतुऱ्यासारखाच सामना, फक्त शिव्या जास्त). तिथून त्याचं रेकॉर्डिंग रेकॉर्ड कंपनीवाल्या जिमी आयोव्हीनमार्फत रॅपर-निर्माता डॉ. ड्रेपर्यंत गेलं आणि १९९९ला ‘द स्लिम शेडी एलपी’ हा अल्बम आला.

त्याची खरी कारागिरी यमकात आहे. शेवटचं अक्षर जुळवून तो थांबत नाही, अख्ख्या तुकड्याचे स्वर जुळवतो. मराठीत क्रियापद शेवटी येतं, म्हणून नवखे ‘येतो-जातो-खातो’वर भागवतात, चार ओळींत कंटाळा येतो. त्यापेक्षा हे बघा : ‘सोयाबीन पेरलं, रोह्याईनं (नीलगायींनी) घेरलं’. ओ-आ-ई-ए-अ, जवळजवळ पूर्ण साखळी जुळली. ‘दुपारी, उधारी’ किंवा ‘पऱ्हाटी, वऱ्हाडी’ अशा जोड्यांची वही करा. ट आणि ड वेगळे असले तरी कानाला चालतात, स्वर चुकला की खटकतं.

सरावासाठी मोबाइलवर मेट्रोनोम (सारख्या अंतरानं ठोके देणारं ॲप) लावा किंवा कुणाला खंजिरीवर ठेका धरायला बसवा. ओळीला ४ ठोके. सुरुवात मिनिटाला ७० ठोक्यांवर, ओळीत १० ते १२ उच्चार. दर दुसऱ्या ओळीच्या शेवटी अर्धा ठोका मोकळा सोडा आणि वहीत तिथं श्वासाची खूण करा. सगळे शब्द तिऱ्हाइताला कळले तरच ५ ठोके वाढवा. ९०वर १६ ओळींचं कडवं ४३ सेकंदांत बसतं; जयंतीच्या स्टेजला एवढा वेग पुरे.

शब्द न कळण्याचा अर्धा दोष बहुधा पोराचा नसतोच. डीजेवाल्याला इको बंद करायला सांगा. भजनाला तो शोभतो. रॅपमध्ये मागच्या शब्दाची शेपटी पुढच्या शब्दावर पडते. आणि व्हिडिओत पाहून माइकची जाळी मुठीत धरू नये : आवाज कोंदट होतो, वर बॉक्सची शिट्टी सुटते.

प्रश्न : एमिनेम नववीत तीनदा अडकला, शाळा सोडली, तरी मोठा झाला. मग शाळा कशाला?
— बारावीचा विद्यार्थी, जि. वाशीम

उत्तर : सोडली खरी, १७व्या वर्षी. त्यानंतर हॉटेलात स्वयंपाक आणि भांडी केली, आणि शब्दसाठा वाढवायला शब्दकोश वाचत राहिला. त्यातलं फक्त पहिलंच उचलू नका.

प्रश्न : स्टुडिओ नाही. मोबाइलवर रेकॉर्डिंग करताना आवाज डब्यातून आल्यासारखा का येतो?
— एक वाचक, जि. अकोला

उत्तर : टिनाचं छत आणि उघड्या भिंती आवाज परत फेकतात. कापसाच्या किंवा धान्याच्या पोत्यांच्या खोलीत बसा, पाठीमागे दोन गोधड्या टांगा, फोन तोंडापासून एक वीत, थोडा तिरका. समोर धरला तर ‘प’, ‘फ’, ‘भ’ला फटका बसतो. ठेका इअरफोनमध्ये ऐका, नाहीतर तोही आवाजात मिसळतो आणि नंतर वेगळा काढता येत नाही. पंखा बंद.