डेंटल इम्प्लांटमुळे हिरड्यांना अपाय होतो का? धातू शरीराला चालतो का?

धातूची भीती मनातून काढून टाका. इम्प्लांट म्हणजे गेलेल्या दाताच्या जागी जबड्याच्या हाडात बसवलेला स्क्रू. तो बहुधा टायटॅनियमचा असतो. हवा लागताच त्यावर ऑक्साइडचा काही नॅनोमीटर जाडीचा थर आपोआप तयार होतो आणि पेशींचा संबंध येतो तो त्या थराशी. स्वीडनचे संशोधक डॉक्टर ब्रोनेमार्क यांनी 1965 साली पहिल्या रुग्णाला असे इम्प्लांट बसवले, म्हणजे अनुभव बराच जुना आहे. टायटॅनियमची ॲलर्जी क्वचितच आढळते. तशी शंका असेल तर झिरकोनियाचा (एक प्रकारचं सिरॅमिक) पर्याय आहे.

खरी काळजी घ्यायची ती हिरडीच्या कडेची. नैसर्गिक दाताच्या मुळात हिरडीचे तंतू आडवे घुसून घट्ट रुतलेले असतात. इम्प्लांटभोवती मात्र ते बहुतांशी समांतर किंवा गोल फिरतात, आत रुतत नाहीत. त्यामुळे जंतूंना अडवणारी पकड तिथे कमजोर असते. प्लाक, म्हणजे जंतूंचा चिकट थर, साचला की आधी हिरडी लाल होते, ब्रश लावताच रक्त येतं. या टप्प्यावर नीट सफाई केली तर ती पूर्ववत होऊ शकते. दुर्लक्ष झालं तर हाड झिजू लागतं, आणि झिजलेलं हाड परत मिळवणं फार अवघड. इम्प्लांटवर कॅप चिकटवताना हिरडीखाली राहिलेलं सिमेंटसुद्धा अशी सूज आणतं, तेव्हा ते राहिलेलं नाही ना, हे डॉक्टरांना जरूर विचारा.

धूम्रपान, अनियंत्रित मधुमेह किंवा पूर्वीचा हिरड्यांचा आजार असेल तर आधी त्यावर उपचार घ्या, मगच इम्प्लांट. नंतर रोज इंटरडेंटल ब्रश (दातांच्या फटी साफ करायचा छोटा ब्रश) वापरा. दुखत नाही म्हणून तपासणी टाळू नका, कारण हा आजार बरेचदा न दुखताच वाढतो.